ठिकाण क्रमांक सात

टाकळीच्या संगमावर, पुलाच्या जरा अलीकडे,
नासर्डी गोदावरीला मिळते.
मिळते म्हणजे, हातपाय न धुता
तिच्या गळ्यात पडते.
तिथं मी दर बुधवारी बाटली बुडवतो.
चिठ्ठीवर लिहितो : ठिकाण क्रमांक सात, वेळ, तापमान.
वासासाठी रकाना नाही.

आज पलीकडच्या गाळात शेकाट्या उतरल्यात.
एकशे चाळीसपर्यंत मोजल्या,
मग पुलावरून सिन्नरची बस गेली
आणि आकडा हातून सुटला.
काळे पंख, पांढरं पोट,
पाय लाल, आणि कुणाचे तरी उसने आणल्यासारखे लांब.

कठड्याला सायकल टेकवून
शाळेच्या गणवेशातली एक मुलगी खाली येते.
नाव विचारलं तर म्हणाली, शाल्मली.
‘काका, केवढे पक्षी!
म्हणजे नदी बरी झाली ना?’

मी बाटलीत औषधाचे थेंब सोडत होतो.
पाण्यात प्राणवायू असेल
तर तळाशी तपकिरी साका बसतो,
चहाच्या गाळासारखा.
नसेल तर पांढरा.
आज पांढरा बसला, अगदी दुधासारखा.
‘पांढरं म्हणजे स्वच्छ ना?’ तिनं विचारलं.

दोन प्रश्न, दोन्ही बरोबर,
आणि दोन्हींची उत्तरं उलटी.

मग चाळणीत थोडा गाळ घेतला,
हलवला, धुतला,
आणि तिच्यापुढे धरला.
सुतळीच्या तुसाएवढी एक अळी, वळवळणारी.
‘किती लाल!’
हो. जिथं पाण्यातला श्वास संपतो
तिथं ही आपल्या रक्तात तो साठवून ठेवते.
तुझ्या माझ्या रक्तातला लाल, तोच हिचा.
बाकीचे गेले, ही राहिली.
हिला खायला शेकाट्या आल्या.

गेले ते एकदम नाही गेले.
दगडाखाली चिकटून बसणारी, तीन शेपट्यांची पिल्लं आधी,
त्यांना साधा फेसही सोसत नाही.
मग शिंपले. मग झिंगे.
मळ्या गेला तेव्हा
वडाच्या वाळक्या फांदीवरचा खंड्या
दोन उन्हाळे तिथंच बसून राहिला,
रिकाम्या दुकानात मालक बसतो तसा.
मग तोही गेला.
त्याच्यामागून रंभाजी भोई.
तो आता द्वारकेजवळ गाड्यांच्या शोरूमवर
रात्रपाळीचा पहारेकरी आहे.
पहाटे गाड्या धुवून झाल्या
की पाण्याची नळी गुंडाळतो,
हातावर, कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
जाळं गुंडाळावं तशी.

‘कारखान्यांमुळे ना?’
हो, कारखाने.
पत्र्यावर मुलामा चढवणारे, रंग उकळणारे,
रात्री दोन वाजता झडप उघडणारे.
शिवाय उंटवाडीतलं माझं घर.
सकाळी बायकोच्या साड्यांचा निळसर फेस
मोरीत मीच ओतला.
मी बसची वाट बघत उभा होतो,
तो माझ्याआधी इथं पोचला.

पुढे हेच पाणी सायखेड्याला जाईल,
चांदोरीला पाणवेली पिऊन टम्म होतील.
त्यांना फूल येतं, जांभळं,
खरंच देखणं असतं.
लोक फोटो काढतात.
खाली पाण्याला ऊन दिसत नाही.
त्याखाली नांदूरमध्यमेश्वर,
आणि थंडीत फार लांबून येणारी बदकं,
ज्यांना वाटेत कुणी काही सांगितलेलं नसतं.

शाल्मली गप्प होती.
मग म्हणाली,
‘पण मग पक्षी बघून
आनंद मानायचा की नाही?’

यासाठीही रकाना नाही.
शेरा या शब्दापुढे मी दर बुधवारी ‘निरंक’ लिहितो.
आज लिहिलं : शेकाट्या, एकशे चाळीस,
पुढे मोजता आल्या नाहीत.
साहेब खोडतील.

ती चाळणीत बोट घालून
अळीला हळूच ढकलत होती.
‘हिला सोडू?’
सोड, म्हटलं, तिथं, जरा उथळ पाण्यात.
त्यातली एक शेकाटी
मघापासून इकडंच बघतेय.